बेटावरच्या राऊटरची परतीची वाट

बेटावरच्या चर्चमधला राऊटर मी इथूनच, बोटीत पाऊलही न टाकता, नव्या लाइनवर आणून दाखवते, असं मी सगळ्यांना सांगून बसले. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, काठावरच्या आमच्या चर्चचं आणि बेटावरच्या चर्चचंही नेटवर्क मीच सांभाळते. एवढा तोरा चालून जातो.

त्या रविवारी बेटावर बाप्तिस्मा होता. बाळाची पणजी गुद्नी इकडे गावातल्या वृद्धाश्रमात खाटेला खिळलेली. बाळाला तिचंच नाव ठेवायचं होतं आणि तिला तो सोहळा पडद्यावर बघायचा होता. म्हातारी आदल्या दिवसापासूनच मोत्यांची माळ घालून तयार!

सकाळी मी राऊटरला नवा पत्ता दिला. आमच्याकडे परतायची वाट मात्र सांगायची राहिली! सासरी गेलेल्या लेकीने माहेरचा रस्ताच विसरावा, तसा तो मुका झाला. बसले होते तीच फांदी मी तोडली. आणि रविवारची पहिली बोट बाप्तिस्मा उरकल्यावर.

तेवढ्यात नऊची घंटा झाली. नऊ ते दहा माझी प्रार्थना, आणि त्या वेळात अवाक्षर काढायचं नाही हे माझं रोजचं व्रत. देवावर भार टाकून डोळे मिटले, तोच बेटावरच्या चर्चचा सेवक टोरलाइफ याचा फोन. ऐकायला व्रताची आडकाठी नाही, म्हणून उचलला.

कॅमेऱ्याचं चित्र गेलंय, म्हणाला. मी गप्प.

“बोदिल, रागावलीस?”

मी गप्पच.

“बरं बाई, कबूल करतो. तू नको म्हणाली होतीस, तरी तुझ्या डब्याशेजारी कॉफीचं मशीन लावलंय. एवढी माणसं येणार, त्यांना काय नुसतं तीर्थ पाजू? हे बघ, काढलं!”

त्याने उपटली ती राऊटरची विजेची वायर. चूक कळताच पुटपुटत परत खोचली.

नवी मांडणी तपासल्याशिवाय कायमची करायची नाही, ही आमच्या कामातली रीत. त्यामुळे वीज तुटताच सकाळचे बदल पुसले गेले आणि राऊटर उठला तो जुनंच सगळं आठवत. पडद्यावर टोरलाइफचं टक्कल झळकलं! दहाच्या ठोक्याला मी आधी वाट सांगितली, मग पत्ता दिला. नवी लाइन सुरू!

गुद्नीने पणतीच्या कपाळावरचं पाणीसुद्धा पाहिलं. डोळे पुसत नर्सला म्हणाली, “नाक माझंच आहे.”

हे सगळं माझ्या मौनाने झालं, असं टोरलाइफने बेटभर केलंय. परवा ऑर्गन बिघडला तेव्हा त्याचा फोन आला, “बोदिल, काही सांगू नकोस. नुसती गप्प बस.”

बसले. ऑर्गन अजून बंदच आहे.