विमानाचं माप

"लेकीचं विमान सुटलं," मास्तरीणबाईंनी आतून सांगितलं. "संध्याकाळी उतरतेय. कोट झाला का?"

शिंपी मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. कोट म्हणजे तूर्तास कापड होतं, तेही घडीत. लेक परदेशात शिकून परत येत होती. उद्या सकाळी नव्या नोकरीवर रुजू होणार होती आणि बाबांनी शिवलेलाच कोट घालणार म्हणून हटून बसली होती. या बाबांनी तिच्या वाढदिवसाचा फ्रॉक आजवर एकदाही वाढदिवसाला दिला नव्हता. या खेपेला मात्र त्यांनी शपथ घेतली होती, आणि बिचाऱ्यांनी अगदी मनापासून घेतली होती.

आता शहाणा माणूस शिवायला बसला असता. मास्तर स्टुलावर चढले. दारामागे लेकीचा शाळेतला जगाचा नकाशा होता, डाव्या कडेला आपल्याच देशापासून सुरू होणारा. तिकडचा विमानतळ उजव्या कडेला, आपला डाव्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी एका कडेपासून दुसरीपर्यंत ताणली. मागे मेव्हण्याकडे विमानाने गेले होते, ते अंतर नकाशावर दोन बोटं भरलं, आणि त्यात अख्खी सकाळ गेली होती.

"अगं, ही परवापर्यंत हवेतच आहे."

"तिने संध्याकाळ सांगितलीय."

"सांगायला काय जातं? मीही गिऱ्हाइकाला मंगळवार सांगतो."

मास्तर निवांत जेवले आणि आडवे झाले. दुपार कलल्यावर शेजारचा इस्त्रीवाला आपली शिवायला टाकलेली पँट मागायला आला. पँटीऐवजी त्याला नकाशा दाखवण्यात आला.

"मास्तर, पृथ्वी गोल आहे ना?"

"असेल. त्याचं काय?"

"कोटाचं बटण आणि काज यांच्यातलं अंतर तुम्ही पाठीमागून टेप फिरवून मोजता का?"

मास्तरांनी नकाशाच्या दोन्ही कडा मनातल्या मनात कोटासारख्या पुढे आणल्या, आणि दोन्ही विमानतळ एकमेकांना येऊन चिकटले. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

मग काय विचारता! कात्री कापडावर, खडू तोंडात, मशीन सुसाट. मास्तरीणबाई अस्तर टाचायला, इस्त्रीवाला शिवणी दाबायला. पँटीचं नाव काढायची सोय उरली नाही. घाईघाईत दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. त्यातली एक उसवून पुन्हा बेतली, जोडली आणि दारावरची बेल वाजली.

लेक आत आली. मास्तरांनी बिनकॉलरचा कोट पुढे धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरी, याही वेळी जमलं नाही गं. उद्या जुनंच काहीतरी घालून जा."

त्यांचा चेहरा पाहून लेकीला राहवलं नाही. "बाबा, रडू नका हो. रुजू मी पुढच्या महिन्यात होणारेय. तुम्हाला उद्याचं सांगितलं होतं."

"बापाशी खोटं बोललीस?"

"बापाशी नाही. शिंप्याशी."

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, सांगितलंस कशाला? फक्त कॉलर आणि काजं राहिली होती."

लेकीने जीभ चावली, पण मास्तरांनी तोवर मशीनवर खोळ घातली होती.

"पुढचा महिना म्हणजे चिक्कार वेळ आहे," असं म्हणून ते प्रसन्न चेहऱ्याने प्रवासाची चौकशी करायला बसले.