तळघरातलं मागे पडलेलं घड्याळ

शनिवारी सकाळी बरोबर आठला इल्वाने इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीच्या दाराला किल्लीची चकती लावली. लाल दिवा. नोंदलेली वेळ तर तिचीच होती, आठ ते अकरा. कडेवर सहा महिन्यांची सिग्ने, हातात चार पिढ्यांनी घातलेला बाप्तिस्म्याचा झगा, आणि त्यावर सिग्नेने नुकतंच ओकलेलं गाजर. दोनला चर्चमध्ये पोचायचं होतं.

दार उघडलं आठ चाळीसला.

झगा धुऊन वाळवणीच्या कपाटात गेला, तरी इल्वाला चैन पडेना. नेमकी चाळीसच मिनिटं का? शेजारच्या खोलीत दार सांभाळणारा संगणक होता. खरं तर त्याच्या पोटात चालणारं लिनक्सचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक. देखरेख निवृत्त तोर्ब्योर्नकडे. इल्वाने त्याला तिथेच गाठलं.

"हे बघ, भिंतीवरच्या घड्याळात अकरा पाच आणि ह्या मशीनच्या मते दहा पंचवीस. तू ह्याला मध्येच थांबवतोस का रे?"

"परवा आणि काल थांबवलं. कॉफीला जाताना, वीस-वीस मिनिटं."

"पण का?"

"बिचारं दिवसरात्र राबतं गं. आपण दालचिनीचा बन खायचा आणि त्याने दार राखत बसायचं?"

इल्वाला हसू आवरेना. "अरे, थांबवलं की त्याचं घड्याळही थांबतं! जागं झाल्यावर त्याला वाटतं, आपला डोळा लागलाच नाही."

"मलाही तसंच वाटतं," तोर्ब्योर्न म्हणाला.

तिने एका हाताने दोन ओळी टाइप केल्या. घड्याळ खऱ्या वेळेला जुळलं आणि पलीकडे धुलाईखोलीचं कुलूप खट्ट झालं. अकरा पाच. इल्वाची वेळ संपली होती. झगा आत.

"तुझी चकती लाव ना!"

"लावतो. अकरा ते दोन माझीच वेळ आहे. तू मात्र बाहेर थांब."

"तोर्ब्योर्न! तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना हे?"

"हो. पण दुसऱ्याच्या वेळेत पाऊल टाकायचं नाही, हा नियम मीच लिहिलाय. राहिलेले कपडे ज्याची वेळ त्याने काढायचे."

"अजून ओला असेल तो!"

"ते मी बघतो."

दार लागलं. बारा वाजले. एक वाजला. सिग्ने दोनदा झोपून उठली. सव्वाला तोर्ब्योर्न बाहेर आला. झगा कोरडा, इस्त्री कडक, लेसची पाकळीन् पाकळी उभी. इल्वाने त्याला मिठीच मारली आणि जिन्यातच सिग्नेला झगा चढवून पळत सुटली.

चर्चमध्ये डोक्यावर पाणी पडलं तरी सिग्ने रडली नाही. पाद्रीबाईंनी तिला सगळ्यांना दाखवायला उंच धरलं, वळवलं आणि त्या थबकल्या. पाठीवर सेफ्टी पिनेने चिठ्ठी लावलेली होती. त्यांनी ती गंभीरपणे मोठ्याने वाचली.

"वेळ संपल्यावरही आत राहिलेली वस्तू. मालकाने ताबडतोब घेऊन जावी."

आणि त्यांनी सिग्नेला अलगद इल्वाच्या हातात ठेवलं.