ताक, तूर आणि सुश्रुत

ठाण्याच्या एका छोट्या केबल वाहिनीवर सुश्रुत पाणीकपातीच्या बातम्या वाचायचा. त्या गुरुवारी मुलाखती घेणारी संचिता घसा बसून घरी राहिली आणि वाहिनीचे मालक साईनाथ यांनी त्यालाच खुर्चीत ढकललं.

"एकच लक्षात ठेव," ते म्हणाले, "लाइव्ह आहे. पडदा गप्प झाला, की पब्लिक रिमोट उचलते."

सुश्रुतने ते जरा जास्तच लक्षात ठेवलं. पाहुण्या होत्या डोंबिवलीच्या चित्राताई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. विषय, आपले वाक्प्रचार.

"ताई, 'ताकास तूर लागू न देणे' हे आलं कुठून?"

"त्याचं असं आहे..."

"म्हणजे आधी ताक, की आधी तूर?"

"सांगते ना. आता तूर म्हटलं, की..."

"की डाळ आठवते! डाळीच्या भावाबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

चित्राताईंनी चष्मा काढून पुसला. तेवढ्या शांततेनेही सुश्रुतला घाम फुटला. त्याने त्यांना ताक आवडतं का ते विचारलं, जिरं घालता की हिंग ते विचारलं, आणि शेवटी म्हणाला, "आता एका शब्दात, हा वाक्प्रचार आला कुठून?"

"एका शब्दात?"

"वेळ संपली! खूपच छान माहिती दिलीत."

कोपरीतल्या घरी आईने, हेमाताईंनी, अख्खा मजला टीव्हीसमोर जमवला होता. सुश्रुत पोचला तेव्हा शेजारी चपला शोधत होते आणि कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

"शर्ट छान दिसत होता हो," एक काकू म्हणाल्या.

सगळे गेल्यावर आईने विचारलं, "अरे, त्या बाईंना बोलू का नाही दिलंस? आम्ही सगळे कान टवकारून बसलेलो."

सुश्रुत न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर होती. डेअरीवाला तानाजी लांबूनच ओरडला, "सुश्रुतभाऊ, ताक देऊ? तूर बाजूला ठेवलीय!" रांगेतली माणसं हसली. दुधाची पिशवी न घेताच तो वळला. ऑफिसात साईनाथ फोन घेऊन घेऊन वैतागले होते.

"लोकांना उत्तर पायजे. डोंबिवलीला जा, त्या बाईंची माफी माग आणि उत्तर घेऊन ये. संध्याकाळी तूच सांगायचंस."

मिठाईचा पुडा घेऊन सुश्रुतने चित्राताईंच्या दाराची घंटी वाजवली. दार उघडताच तो वाकला.

"ताई, चुकलं माझं. तुमच्यासारख्या विद्वान बाईंना मी एक वाक्य पुरं करू दिलं नाही."

"आधी आत या," त्यांनी घाईने दार लावलं. "बसा. उत्तर विचारायला आलात ना?"

"हो."

चित्राताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला ते माहीत नाही."

"काय?"

"नोकरीभर मुलांना नुसता अर्थ सांगितला. आला कुठून, हे कुणी विचारलंच नाही कधी. साईनाथांना होकार देऊन बसले, मग आठवडाभर शोधलं. प्रत्येक जण वेगळंच सांगतो, आणि मला काही त्यातलं एकही पटलं नाही. नाही म्हणून कळवायचीही लाज वाटली. तिथे 'त्याचं असं आहे' म्हणायची आणि पुढे अंधार! तेवढ्यात दर वेळी तुम्ही देवासारखे धावून येत होतात."

सुश्रुतच्या हातातला पुडा तसाच राहिला. "पण ताई, लोक मला हसतायत."

"कळतं हो मला. काल घरी आलेले पाहुणे मला म्हणाले, केवढं ज्ञान वाया गेलं. मान वर करवेना." त्यांनी पुडा स्वतःच उघडला, एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारी कोलशेतच्या एका मंडळाने याच विषयावर माझी मुलाखत ठेवलीय. आता नाही म्हणता येत नाही. मी त्यांना सांगितलंय, प्रश्न विचारायला सुश्रुतच हवेत."

"मी? बरं, या वेळी मी नीट तयारी करून..."

"अजिबात नाही!" चित्राताई दचकून म्हणाल्या. "तुम्ही काडीचीही सुधारणा करू नका."