सोबत जोडले आहे

सगळा घोळ झाला तो एका हाताने. सिस्टरांच्या निवृत्तीच्या समारंभाआधी मेट्रनबाईंनी विचारलं, "घरच्यांतर्फे दोन शब्द कोण बोलणार?" आणि नानांचा हात वर गेला. (पाठीला खाज सुटली होती, असं ते नंतर सांगत. साफ खोटं. त्यांना बोलायचंच होतं.)

नाना म्हणजे सिस्टरांचे यजमान, त्याच इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातले कारकून. एकतीस वर्षांत त्यांनी बायकोला "बरं झालंय" यापलीकडे शाबासकी दिली नव्हती, आणि तीही भाजीला. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण चार माणसांपुढे उभं राहिलं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं.

म्हणून त्यांनी तोड काढली. स्लाइडवर सिस्टरांचे जुने फोटो आणि मागे आपला आवाज. आवाज घरीच भरायचा, तिथे जाऊन नुसतं बटण दाबायचं!

ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी बजावलं, "नाना, आवाजाची फाईल स्लाइडच्या आत बसवा हं. नुसती जोडलीत तर ती राहील घरच्या कॉम्प्युटरवर आणि समारंभात तुम्ही बसाल हात चोळत."

"अहो बाई, जोडण्यात हयात गेली माझी!"

दुखणं नेमकं तेच होतं. नाना पत्राखाली झोकात "सोबत जोडले आहे" लिहीत आणि जोडायचा कागद टेबलावरच राही. घरीही तीच तऱ्हा. पिशवी घेऊन बाजारात जात, यादी ओट्यावर. "यादी सोबत जोडली आहे वाटतं!" असं म्हणून सिस्टर हसत.

शनिवारी दुपारी नाना मोबाईल घेऊन बाथरूममध्ये शिरले. आधी चाचणी म्हणून काहीबाही बोलले आणि ती फाईल बाईंनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या स्लाइडच्या आत बसवून पाहिली. वाजली की! मग पुन्हा बाथरूममध्ये जाऊन, बादली पालथी घालून, तिच्यावर बसून सात मिनिटांचं पाठ केलेलं भाषण भरलं. ते मात्र सवयीने नुसतंच जोडलं. चाचणी स्लाइडवरून काढता येईना, म्हणून तिच्या चित्रावर फोटो सरकवला.

समारंभाला हॉल गच्च भरला होता. सिस्टर पहिल्या रांगेत, हातात गुच्छ. नानांनी बटण दाबलं. फोटो आला, आवाज नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : फाईल सापडत नाही.

"काय झालं हो नाना?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"सोबत जोडली आहे..." नाना पुटपुटले. सिस्टरांनी कपाळावर हात मारला.

 एकतीस वर्षांचं साठलेलं घरी कॉम्प्युटरमध्ये पडलं होतं आणि इथे नानांचं तोंड उघडेना. स्लाइड बंद कर, चालू कर, असं करता करता त्यांनी घाईत फोटोच बाजूला ओढला. खालून आवाजाचं छोटं चित्र निघालं. नानांनी डोळे मिटून ते दाबलं.

"हॅलो, टेस्टिंग. एक, दोन, तीन... आता काय बोलायचं? ही ड्यूटीवर गेली की घर खायला उठतं, हे चारचौघांत सांगायचं कसं? दिवसभर सगळ्या वॉर्डाचा ताप बघते आणि घरी आली की आधी माझ्या कपाळाला हात लावते. मी ठणठणीत असलो तरी. फार गुणाची आहे हो ही... आणि हो, तिचा निळा थर्मास मी फोडला, आमच्या बोक्याने नाही. बिचाऱ्याचं चार दिवस दूध बंद झालं!"

मग त्याच फाईलमध्ये बाथरूमच्या दारावर थापा आणि सिस्टरांचा आवाज : "अहो, आत कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही! दात घासतोय!"

"दुपारी चार वाजता?"

हॉल हसून हसून लोटपोट झाला. सिस्टर हसत होत्या आणि गुच्छाआड डोळे पुसत होत्या. नानांना मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

वाटेत सिस्टरांनी नानांचा हात सोडला नाही.

"इतकं मनात होतं, तर बोललात का नाही हो कधी?"

"आज बोललो ना!" नाना म्हणाले, आणि घर येईपर्यंत त्यांची छाती चांगली दोन इंच फुगली.

घरी सिस्टरांनी लगेच चहा टाकला. नानांनी ऐटीत कप उचलला. आत नुसतं काळं पाणी.

"अगं, दूध?"

सिस्टरांनी ओट्याखाली बोट दाखवलं. तिथे बोका काठोकाठ भरलेल्या वाटीत तोंड घालून बसला होता.

"सोबत जोडलं आहे," सिस्टर म्हणाल्या. "चार दिवस."