जिन्याखालची प्रार्थना

रविवारची उपासना संपवून बाहेर पडताना पाळकसाहेबांनी कुलूपवाल्याला दारातच गाठलं आणि विचारलं, घरी रोज प्रार्थना होते ना? त्या वेळी त्याच्या काखेत बटण होता, पायाला गोटी लोंबकळत होती (ही त्याची जुळी मुलं, खरी नावं बाप्तिस्म्याच्या दिवशी एकदाच काय ती वापरली गेली), आणि थोरली लेक पार रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. अशा वेळी माणूस जे उत्तर सगळ्यात लवकर संपेल ते देतो.

"रोज," तो म्हणाला. "न चुकता."

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण पाळकसाहेबांचा चेहरा असा काही उजळला की त्याला राहवलं नाही. कितीही काम असलं तरी, अशी पुस्ती त्याने जोडली. पाळकसाहेबांनी त्याचा मोकळा हात धरून दाबला. पुढच्या रविवारी आईबापांची बैठक होती. लहान मुलांच्या धबडग्यात प्रार्थनेला वेळ कसा काढावा यावर बोलायला कोणी तयार होत नव्हतं. आता माणूस मिळाला होता.

घरी येईपर्यंत त्याला घाम फुटला. मनापासून, निवांत अशी प्रार्थना त्याने शेवटची केली होती ती जुळ्यांच्या वेळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. ती ऐकली गेली, आणि तेव्हापासून त्याला प्रार्थनेला वेळ मिळाला नव्हता. "देवा, आता काय फुटलं" हे तो दिवसातून अनेकदा म्हणे, पण ते धरायचं की नाही याची त्याला खात्री नव्हती. शेवटी त्याने मनाशी हिशेब मांडला: या आठवड्यात रोज प्रार्थना केली, तर रविवारपर्यंत आपलं बोलणं खोटं राहणार नाही, फक्त थोडं आधी बोलल्यासारखं होईल. हा विचार त्याला फार पटला.

सोमवारी पहाटे तो पलंगाशी गुडघे टेकून बसला. डोळे मिटतो न मिटतो तोच बटण पाठीवर चढला आणि "चल" म्हणाला. मग दुकानात प्रयत्न केला. गल्ल्यावर हात जोडून, मान खाली घालून तो जरा कुठे स्थिरावतोय, तर किल्लीची नक्कल करायला आलेल्या एका मावशींनी त्याच्या तोंडावर गार पाणी मारलं आणि शेजारच्या दुकानदाराला बोलावलं. आपण ठणठणीत असल्याचं पटवायला जो वेळ गेला, त्यात आठवड्याच्या प्रार्थना झाल्या असत्या. असंच करता करता शनिवार उजाडला, आणि "हे पित्या" याच्या पुढे त्याची गाडी गेली नव्हती.

शनिवारी दुपारी बायको झोपली होती. ती नर्स, रात्रपाळी करून आलेली. थोरली अभ्यासाला बसली होती, आणि जुळी घरात कुठेतरी दिसेनाशी झाली होती (हे एरवी वाईट लक्षण). तेव्हा त्याला जिन्याखालची अडगळीची खोली आठवली. तिथे बॅगा, मोडका पंखा आणि फरशी पुसायच्या औषधाच्या बाटल्या असत. जुळ्यांनी त्या तोंडाला लावू नयेत म्हणून दाराला त्याने स्वतः झटक्याने लागणारं कुलूप बसवलं होतं. दार ओढलं की बंद. उघडायचं ते बाहेरून, किल्लीने. आतून काहीच ठेवलं नव्हतं, कारण आत कोणी राहणार नव्हतं.

तो आत शिरला. दार किलकिलं ठेवायचा त्याचा बेत होता. पण जिन्यावर चार पायांची धडधड ऐकू आली आणि त्याने दार ओढून घेतलं. टक्क. त्या आवाजावरूनच त्याला कळलं की कुलूप उत्तम प्रतीचं आहे. किल्ली त्याच्या खिशात होती. दाराखालून सरकवावी, तर तिथे झुरळं येऊ नयेत म्हणून त्याने रबराची पट्टी मारलेली, तीही उत्तम प्रतीची.

ओरडावं का, याचा त्याने विचार केला. मग बॅगेवर बसला. अंधार होता, शांतता होती, आणि कोणी त्याच्याकडे काही मागत नव्हतं. "बापा," तो म्हणाला, आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना. मग त्याला कामावरून आलेल्या बायकोचे सुजलेले पाय आठवले. आपण ते रोज पाहतो आणि रोज तिला दूध संपल्याचं सांगतो. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. थोरलीचं अलीकडे गप्प गप्प राहणं, आपलं उगाच खेकसणं, पाळकसाहेबांना मारलेली थाप, सगळं त्याने देवापुढे ठेवलं. नाक पुसायला हाताला लागलं ते फडकं फरशीचं निघालं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर गोटीला त्याचा आवाज ऐकू आला. तिने जाऊन आईला हलवून उठवलं आणि बाबा भिंतीत असल्याचं सांगितलं.

बायको आली. "तू आत काय करतोयस?"

"प्रार्थना."

तिने दाराला कान लावला. मग ती अगदी हळू, वॉर्डात बोलतात तशी बोलली. "खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

कुठले डॉक्टर ते त्याला कळेना, आणि माणूस धडधाकट असताना जिन्याखाली बसून प्रार्थना का करेल ते तिला कळेना. छातीत दुखतंय का, रिपोर्ट कुठे लपवलाय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, दार उघड. ती म्हणाली, लावून तूच बसलायस. किल्लीची हकीकत कळल्यावर तिने झोपेतच विजेच्या मीटरवर चिकटवलेला कुलूपवाल्याचा नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं की बाबा जिन्याखाली आहे. तिथेही तीच अडचण दिसते, असं ती नवऱ्याला सांगायला लागली. मग बटणचा तोच आवाज तिला एका कानाने फोनमधून आणि दुसऱ्या कानाने, नवऱ्याचा फोन पडला होता त्या स्वयंपाकघरातून आला, तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.

राहता राहिला पलीकडच्या रस्त्यावरचा कुलूपवाला. त्याला बोलावू नकोस, असं आतून निक्षून सांगण्यात आलं, कारण त्या दोघांचं धंद्यावरून विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. तिने बोलावला.

वाट पाहताना ती दाराला टेकून खाली बसली. त्याने आतून तिला पाळकसाहेबांची सगळी गोष्ट सांगितली. आता ती रागावणार असं त्याला वाटलं.

"मलाही विचारलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी सांगितलं, दोन वेळा. सकाळ-संध्याकाळ."

मग दोघंही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, कारण आजारबिजार काही नव्हता. त्याने आतून विचारलं, आता करायची का? तिने जुळ्यांना मांडीवर घेतलं, थोरलीही येऊन बसली. तो आतून बोलला, ती बाहेरून बोलली, आणि थोरलीने शाळेतली एक मैत्रीण तिच्याशी बोलेनाशी झाल्याचं देवाला सांगितलं. आईबापांनाही ते तेव्हाच कळलं. बटणने मध्येच आमेन म्हणून टाकलं, तरी त्या घरातली इतकी लांब प्रार्थना ती पहिलीच.

पलीकडचा कुलूपवाला हत्यारांची पिशवी घेऊन आला तो नेमका याच वेळी. बंद दारासमोर डोळे मिटून रडणारं कुटुंब त्याने पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला.

"फार वाईट झालं," प्रार्थना संपल्यावर तो म्हणाला. "धंद्यात वैर होतं, पण माणूस चांगला होता. कधी गेले?"

"अजून इथेच आहे," आतून आवाज आला.

टोपी परत डोक्यावर घालून त्याने दार उघडलं. त्याला टोपी घालायलाच जास्त वेळ लागला. पैसे घेतले नाहीत. धंद्यातल्या माणसाकडून घेत नसतो म्हणाला, आणि हे कुलूपवाल्याला फार लागलं.

रविवारी बैठकीत तो उभा राहिला आणि त्याने जे घडलं ते सगळं सांगून टाकलं, थापेसकट. बायको खाली मान घालून बसली होती, मग तिनेही हात वर करून आपली थाप सांगितली. पाळकसाहेब बुचकळ्यात पडले, आणि मग डोळे पुसताना दिसले. खोलीतले आईबाप खुर्च्या पुढे ओढून ऐकत होते. आपले शब्द कुणाच्या तरी काळजाला भिडले, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बैठक संपल्यावर तीन मुलं सांभाळत एक बाई त्याच्यापाशी आल्या. डोळे पाणावलेले होते. फार बरं वाटलं म्हणाल्या, आणि संकोचत त्यांनी कुलूपवाल्याचा फोन नंबर मागितला. घरी तशीच एक खोली करून घ्यायची होती. त्याने छाती फुगवून खिशातून आपलं कार्ड काढलं.

"तुमचा नको," बाई म्हणाल्या. "ते टोपीवाले होते ना, त्यांचा द्या. कधीतरी बाहेरही यावं लागेल."