दस्तीखालचा सौदा

आमच्या गल्लीतल्या पोरांना रोज किती वेळ फोन मिळायचा, ते गिरिजाक्का दस्तीखाली ठरवायच्या.

मानवतच्या मोंढ्यात पूर्वी धान्याचा भाव असाच ठरायचा. दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, दोघांचे हात, बोटं धरून आकडा सांगायचा, तोंडानं चकार शब्द नाही. नवरा गेल्यावर अक्कांनी त्याची आडत एकटीनं चालवली. पुढं दुकान बंद झालं, पण सवय राहिली. संध्याकाळी आईबाप पोरांचे फोन अक्कांच्या ओट्यावर जमा करायचे. एक बोट म्हणजे दहा मिनिटं. शेजारचा बंटी अख्खा पंजा पुढं करायचा. "एवढ्यात बैलजोडी येती," म्हणत अक्का त्याची तीन बोटं दुमडायच्या.

एकदा बाबा पेपर वाचत म्हणाले, "अक्का, आता सरकारच कायदा करणार म्हणे. लहान मुलांना सोशल मीडिया बंद."

"करू द्या की. पर सरकार येतंय व्हय बंटीच्या पांघरुणात बघायला? तितं आईच पायजे."

"खरंय," बंटीची आई हातातल्या फोनवरून नजर न काढता म्हणाली.

"तुझा बी ठेव इथं," अक्का म्हणाल्या.

शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि मी दोन्हीकडं गप्प. बोलावं न लागणारा हा बाजार मला फार आवडायचा.

नववीत असताना वर्गातल्या कुणीतरी माझा फोटो विद्रूप करून ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्यांची रांग. घरी सांगितलं असतं तर आधी माझाच फोन गेला असता. त्या संध्याकाळी दस्तीखाली मी मूठ उघडलीच नाही.

"सौदा न्हाई?"

मी मान हलवली. अक्कांनी मूठ सोडली नाही. पोरांना म्हणाल्या, "जावा रे घरी. बाजार उठला." मग हळू आवाजात, "शाळंतलं असंल तर एक बोट दे. बाहेरचं असंल तर दोन."

मी एक दिलं.

"आईला मी सांगू? हो असंल तर एक."

मी पुन्हा एक दिलं.

रात्री आईनं विचारल्यावर मी तिला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी अक्का आईला घेऊन शाळेत गेल्या. ग्रुपवरून फोटो काढला गेला, तो टाकणाऱ्या मुलीचे आईवडीलही आले. बाबांनी मात्र फर्मान काढलं, बारावीपर्यंत हिला फोन नाही.

"आन का?" अक्कांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, फोन वाईट."

"वाईटच हाय. पर खळ्यात चोरी झाली म्हणून मालकाला कोंडत्यात व्हय, सुरेश? हिला कोंडलं तर पुढल्या बारीला ही कुणाला सांगंल?"

बाबांनी फोन परत दिला, पण तो चालू करायचा मला धीर होईना. अक्का येऊन शेजारी बसल्या. मी बटण दाबलं. साठलेले मेसेज टुणटुण वाजत येऊ लागले. अक्कांनी एकदाही फोनकडं पाहिलं नाही. समोरच्या कडुलिंबाकडं बघत बसून राहिल्या. त्या बसण्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे. तसं त्यांना कधी सांगता आलेलं नाही.

आवाज थांबल्यावर त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"झालं त्यांचं. चल, च्या टाक."