एकोणिसाव्या शाखेची गणपूर्ती

मंगळवारी सकाळी स्लोव्हाक बंधू-साहाय्य संघाच्या मुख्य कचेरीत इग्नात सुखार वारल्याची बातमी आली आणि अपूर्ण असल्याकारणाने ती परत पाठवण्यात आली.

परत पाठवणारा होता प्रधान चिटणीस मेतोद लेश्को. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या गावात कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तीन चर्चचं मिळून एक झालं, पण मेतोदची नियमावली दर अधिवेशनाला चार पानांनी बाळसं धरत गेली. त्यातलं कलम एकेचाळीस त्याचं लाडकं. सभासद वारला असं केव्हा समजावं? तर शाखेच्या सभेत, सात सभासद हजर असताना, तसा ठराव झाल्यावर. फ्लोरिडाला राहायला गेलेल्या एका इसमाची एका शाखेनं शोकसभा उरकली होती, तेव्हापासूनचं हे कलम.

दुपारी इग्नातची बायको, वेरोनाकाकू, दोन जिने चढून स्वतः आल्या.

"शनिवारी दफन आहे, मेतोद. मला दुसरं काही नको. शाखेतले सहाजण खांद्याला हवेत, आणि छातीवर काळी फीत."

आमच्या संघाच्या फितीला दोन बाजू. लाल बाजू मिरवणुकीला. काळी बाजू बंधू गेला की.

"बावन्न वर्षं दुसऱ्यांसाठी फीत उलटवली त्यानं," काकू म्हणाल्या. "आता त्याच्यासाठी उलटू दे."

"उलटेल की. ठराव झाला की लगेच."

"अरे, शाखेत सातच माणसं उरलीत. इग्नात धरून."

मेतोदनं चष्मा पुसला. "मग अडचण कुठंय? ठराव होईपर्यंत इग्नातबंधू कागदोपत्री हयातच आहेत. त्यांनी सभेला यावं."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी याचं नाक त्यांनी कितीदा पुसलं होतं. तेव्हाच जरा जोरात पुसायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

शनिवारी सकाळी शवपेटी चर्चला जाण्याआधी कचेरीखालच्या सभागृहात आली. शाखेचे अध्यक्ष गास्पर बेन्को, वय चौऱ्याऐंशी, यांनी हजेरी घेतली.

"इग्नात सुखार?"

"आलाय," मागून श्तेफ्को म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा वेळेवर."

"आणि मधेमधे बोलतही नाहीये," गास्पर म्हणाले. "लिही रे मेतोद, हजर."

इग्नात सुखार वारल्याचा ठराव मांडला गेला. बाजूनं सहा. मेतोदनं इतिवृत्तात नोंदवलं, 'बंधू इग्नात तटस्थ राहिले.'

"आता दुसरा ठराव," गास्पर म्हणाले. "फिती उलटवाव्यात."

मेतोद खाकरला. "अध्यक्ष, गणपूर्ती राहिली नाही. पहिला ठराव झाल्यामुळे सभासद सहाच उरले."

"म्हणजे इग्नात आत्ता मेला?"

"दहा वाजून बारा मिनिटांनी."

"मग पहिला ठराव मागे घे. उठव त्याला."

"त्यालाही सातजण लागतात."

बाहेर शववाहिकेच्या चालकानं भोंगा वाजवला. चर्चमध्ये पाद्रीबुवा वाट पाहत होते. मेतोदनं नियमावली पुढून चाळली, मागून चाळली. पळवाट प्रत्येक पानावर असायला हवी होती, आणि प्रत्येक पानावर ती बुजवणाऱ्याची सही होती. त्याचीच.

"मेतोद," पहिल्या बाकावरून काकूंनी विचारलं, "तू कुठल्या शाखेचा रे?"

"मी मुख्य कचेरीचा, काकू. नि:पक्षपातीपणासाठी चिटणिसानं कुठल्याच शाखेत असू नये. कलम नऊ."

"मग तू गेलास की तुझा ठराव कोण करणार?"

मेतोदनं मनातल्या मनात कलम नऊ कलम एकेचाळीसला लावून पाहिलं. दोनदा पाहिलं. स्वतःच्या नियमाप्रमाणे त्याला मरताच येत नव्हतं. आणि एवढं करूनही मेलाच, तर एकही फीत उलटणार नव्हती.

त्यानं पेन खाली ठेवलं. छातीवरची फीत काढली, उलटवली. काळी बाजू एकदाही उन्हात आली नव्हती. घडी तशीच होती. त्यानं ती टाचली. मग गास्परनं आपली उलटवली, मग श्तेफ्कोनं, मग बाकीच्या चौघांनी.

"मोज," काकू म्हणाल्या. "सात झाल्या."

पेटी उचलली गेली.

सोमवारी मेतोदनं आपलंच कलम नऊ खोडून एकोणिसाव्या शाखेत येण्याचा अर्ज केला. तो मंजूर व्हायला सात सभासद लागतात. अर्ज अजून पडून आहे.

शनिवारची ती सभा मात्र बेकायदा होती, हे मेतोद स्वतःच सगळ्यांना सांगत असतो, आणि ऐकणारे पोट धरधरून हसतात. तुम्हीही हसा. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेच्या हजेरीपटावर तुमची सही आहे, तेवढी एकदा आठवा. आमचा इग्नात निदान आला तरी होता.